शुक्रवारच्या पोटाची सविस्तर हकीकत

श्री गजानन प्रसन्न. चाकण परगण्यात महाळुंगे मुक्कामी, मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या करणाऱ्या एका कारखान्यात, समाधानराव वेल्डर यांचे एके शुक्रवारी पोट बिघडले आणि ते खरोखरच बिघडले होते हे पटवून देण्यासाठी त्यांनी जी मोहीम मांडली, तिची खबर दुसऱ्या शिफ्टपर्यंत पोहोचता पोहोचता इतकी पालटली की कँटीनमधील पोक्त मंडळींनी आम्हांस हुकूम केला, तुम्ही पॅकिंगला असता, तुमचे हात गुंतलेले पण कान मोकळे असतात, सबब जे घडले ते जसेच्या तसे लिहून काढावे. आज्ञा प्रमाण मानून लिहावयास बसलो. पदरचे काही घातले नाही. क्वचित घातले असेल तर ते घातल्याशिवाय राहवेना म्हणून घातले, त्याची माफी असावी.

प्रथम मुलखाची रीत सांगणे अगत्याचे. या मुलखात रविवारी भोंगा वाजतो आणि साप्ताहिक सुट्टी गुरुवारी मिळते आणि मग जो कोणी बुधवारी अथवा शुक्रवारी आजारी पडेल, त्याचे दुखणे गुरुवारास जोडून आले म्हणून त्याजवर शक घेतला जातो. सोमवारी ताप आला तर माणसे काढा सुचवतात. शुक्रवारी आला तर नुसती हसतात. हा कायदा कोठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला आम्ही आजवर पाहिला नाही.

त्यात त्या साली गावची यात्रा नेमकी शुक्रवारी पडली आणि यात्रेत घाटावर, म्हणजे चढत्या धावपट्टीवर, बैलगाड्यांची शर्यत ठेवली. घाटाची शर्यत म्हणजे काय, हे परमुलखातील वाचकास कसे सांगावे? त्या दिवशी गावात कुलपे राहतात आणि कुत्री राहतात, बाकी सारी रयत घाटावर असते.

आता सरदारांची ओळख. राजश्री ज्योतीरामदादा, लाइन सुपरवायझर, महाळुंग्याचे जुने घराणे. भोवतालच्या जमिनीवर पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या, तरी दादांनी दारचा गोठा मोडला नाही आणि त्यात बादल व पाखऱ्या ही बैलजोडी पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळली. दुसरे समाधानराव, परभणीकडील, शरीराने किरकोळ, हाताने तरबेज आणि जिभेने अनावर. रोजगारास प्रथम आले तेव्हा त्यांस वेल्डिंगची बंदूक कशी धरावी हेही ठाऊक नव्हते. दादांनी धाकट्या भावाप्रमाणे जवळ घेऊन शिकवले, गावात खोली पाहून दिली आणि रोज दुपारी आपल्या डब्यातील ठेचा त्यांच्या भाकरीवर वाढला. समाधानरावांस या परक्या मुलखात आपले म्हणावे असे तेवढेच एक माणूस होते. सांप्रतचा सारा मामला त्या एका माणसाचा आहे, हे वाचणाराने ध्यानी धरावे.

तर गुरुवारी सायंकाळी समाधानरावांनी चाकण चौकातील एका गाडीवर अंडाभुर्जी भक्षण केली. भुर्जी चवीस उत्तम होती, असे त्यांनी पुढे शपथेवर सांगितले. शुक्रवारी पहाटे तिने बंड केले आणि समाधानराव खोलीबाहेरच्या सामाईक संडासात जाऊन आले आणि पुन्हा गेले आणि मग येणेजाणे ऐसे सुरू जाहले की खोलीचे दार लावण्यात अर्थ उरला नाही. त्यांनी तशाच अवस्थेत मोबाइल हाती घेऊन, आज येणे होत नाही, पोट बिघडले आहे, ऐसा खलिता मॅनेजरसाहेबांच्या सेवेशी रवाना केला.

इकडे दादांनी यात्रेची रजा महिनाभर आधी मंजूर करवून ठेवलेली. पांढरे कपडे, डोईस गुलाबी फेटा, कपाळी गुलाल, बैलांची शिंगे रंगवलेली आणि पुतण्या ओंकार कासरा धरून उभा, ऐशा थाटात असताना मॅनेजरसाहेबांचा फोन आला. त्या वेल्डिंगच्या मशिनीवर हात बसलेले दोघेच, एक समाधान आणि दुसरे आपण. ट्रक दारात उभा आहे. रजा रद्द. दादांनी फोन कानाशी धरून बैलांकडे पाहिले आणि बैलांनी दादांकडे पाहिले आणि मग दादा मोटारसायकलवर बसून, फेट्यासकट, कारखान्यात दाखल जाहले. त्या दिवशी त्यांनी फेट्यावर हेल्मेट बसेना म्हणून फेटा काढून आमच्या पॅकिंगच्या टेबलावर ठेवला आणि दिवसभर बिजागऱ्या जोडल्या. तो फेटा पाहून आमचे काळीज तुटले, हे खोटे नाही.

आणि नशिबाची थट्टा पाहा. त्याच दुपारी बादल आणि पाखऱ्या ऐसे धावले की घाटाच्या माथ्यावर धूळ आधी पोहोचली की बैल, यावर अजून वाद आहे. दादांच्या हयातीत प्रथमच पहिला नंबर आला. तेव्हां गावचे वयोवृद्ध मारुतराव यांनी भर पारावर निवाडा दिला की, "ज्योतीराम कंपनीत असला की बैल पळत्यात. आता दर साली त्याला ड्यूटीलाच लावा." सारा पार हसला आणि बोलणे कायम जाहले.

शनिवारी समाधानराव, चेहरा उतरलेला, पट्टा दोन भोके आत घेतलेला, कामावर रुजू जाहले. दादांनी वर पाहिले नाही. ट्रकवाले नवनाथ, जे स्वतः घाटावर जाऊन घसा बसवून आले होते, त्यांनी सर्वांदेखत डोळा घालून पुसले, "काय राव, कशी झाली घाटावरची बारी?"

येथे एखादा शहाणा "घरी होतो" म्हणून पुढे चालता. परंतु समाधानरावांस कोणी शक घेतला की छातीत कळ येत असे आणि ती कळ बोलल्याखेरीज जिरत नसे. सबब चहाच्या सुट्टीत त्यांनी सर्व मंडळी वड्यास हात घालती न घालती तोच पहिली चढाई केली. भुर्जी कोठे खाल्ली, कांदा कसा होता, पहिली कळ कोणत्या कुशीवर आली, मग काय रंग, मग काय आवाज, ऐसे सर्व तपशीलवार निवेदन केले. नवनाथांनी वडा परत कागदात गुंडाळला. आमच्या पॅकिंगच्या इंदुताई उठून गेल्या. आणि मग मंडळींत कुजबूज जाहली की, ज्याचे पोट खरे दुखते तो लोळतो, तो रंग ध्यानात ठेवत नाही. इतके पाठ आहे म्हणजे पाठ केले आहे. पहिली चढाई ऐशा रीतीने मोडली.

दुपारी दादांनी डबा उचलून पलीकडच्या टेबलावर नेला. समाधानरावांनी हातातील भाकरी कोरडीच खाल्ली.

तेव्हां त्यांनी रात्रभर मसलत करून ठरविले की, तोंडी सांगितलेले चालत नाही, दाखला पाहिजे. सबब रविवारी सायंकाळी गावातील रणजीत डॉक्टरांकडे स्वारी गेली. डॉक्टर मोठे सज्जन, हाताला गुण, आणि बैलगाड्याचे वेड इतके की नाडी पाहताना बैलाचे वय सांगावे. समाधानरावांनी साद्यंत हकीकत सांगितली. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबले, खरे मानले आणि दया येऊन शुक्रवारची तारीख घालून सर्टिफिकेट लिहिले की, सदर इसम दिवसभर माझे देखरेखीखाली होता. समाधानरावांनी ते तत्काळ कारखान्याच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिले, "आता तरी पटेल."

समाधानरावांस वाटले, शत्रू शरण आला. मग नवनाथांनी एक व्हिडिओ टाकला. शुक्रवारची भर दुपार, महाळुंग्याचा घाट, मंचावर माइक हाती धरून, फेटा मागे सरकलेला, "भिर्रर्र" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडणारे इसम दुसरे कोणी नसून रणजीत डॉक्टर होते.

आता पेच पाहा. डॉक्टर दिवसभर घाटावर. समाधानराव दिवसभर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तेव्हां समाधानराव दिवसभर कोठे? ज्यांस आजवर थोडका शक होता त्यांचाही निकाल लागला. सुरक्षारक्षकाने गेटवर सलाम करताना हळूच "भिर्रर्र" म्हटले.

यावर गप्प बसते तर ते समाधानराव कसले? त्यांनी व्हॉइस नोट पाठविली. ती इतकी लांब होती की ऐकणारे निम्मे जेवून उठले. तिच्यात त्यांनी सर्टिफिकेटची तारीख, डॉक्टरांचा दयाळूपणा, आपला लहानपणापासूनचा खरेपणा, शाळेत एकदा सापडलेल्या कंपासपेटीचे प्रकरण आणि परभणीच्या उन्हाळ्याचा आतड्यांवर होणारा परिणाम, ऐसे सर्व विषय घेतले. मधूनच त्यांचा आवाज भरून आला आणि मागे कुकरची शिट्टी वाजली. ती नोट पेंट शॉपला गेली, तेथून शेजारच्या कारखान्यात गेली आणि मग दुसऱ्या सकाळी कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरने ती स्पीकरवर, चाल वाढवून लावली. समाधानराव मागच्या सीटवर बसून आपलाच आवाज चिवचिव करीत आपले निर्दोषत्व सांगत असता ऐकत राहिले. आम्ही त्या बसमध्ये होतो. आम्हीही हसलो. आता लिहिताना बरे वाटत नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी दादांस पार्किंगमध्ये गाठले आणि म्हणाले, "दादा, मव्हं पोट खरंच बिघडलं होतं. तुमच्या पायाची शपथ."

दादा मोटारसायकल पुसत होते. ते म्हणाले, "आरं समाधान, पहिल्या दिशी मला खरंच वाटलं हुतं. राग आला हुता तो माझ्या नशिबाचा. पर तू येवढं सांगाय लागलास, आन् त्यात त्या डॉक्टरचा कागद आनलास, मग म्या काय समजायचं?" आणि किक मारून निघून गेले.

हे ऐकून दुसरा कोणी शहाणा जाहला असता. समाधानरावांनी त्यातून एवढाच बोध घेतला की, कागद चालत नाही, जिता साक्षीदार पाहिजे. परंतु साक्षीदार आणावा कोठून? गाव सारा घाटावर होता. चाळीतील बाकीचे भाडेकरू घाटावर. समोरचा दुकानदार घाटावर. त्या दिवशी, आम्ही बाहेरून कामास येणारे सोडले तर, साऱ्या महाळुंग्यात घाटावर न गेलेली माणसे दोनच, एक मशिनीपुढे आणि दुसरे संडासात, आणि त्या दोघांचाच तंटा. तरीही खुळ्या आशेने त्यांनी खोल्यांच्या मालकीण कुसुमताई यांच्या दारी जाऊन अर्ज गुदरला.

कुसुमताई म्हणजे पाच खोल्यांच्या जहागीरदारीण, बोलणे तिखट, भाडेकरूंवर जरब. त्या म्हणाल्या, "मी तर सकाळीच घाटावर गेल्ते. मी काय सांगू तुझं?"

"काकू, पर म्या दिवसभर हितंच होतो. बाकी चारी खोल्यांतली माणसं गेली होती. एकटा म्याच होतो बगा. कोण बी नव्हतं दुसरं."

ताई ज्वारी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. "एकटाच?"

"एकटाच! सकाळपासून रात्रीपर्यंत. चाळीत दुसरं चिटपाखरू नव्हतं," ऐसे बोलून समाधानरावांनी आणखी बळकटी म्हणून आपण कितीदा आत-बाहेर केले हेही सांगितले. ताईंनी सूप बाजूस ठेवून त्यांजकडे नीट निरखून पाहिले. समाधानरावांस वाटले, साक्षीदार हाती लागला. ते त्या रात्री प्रथमच सुखाने निजले.

दुसरे दिवशी दुपारी, जेवणाची सुट्टी होऊन मंडळी हात धुऊन बाहेर पडत असता, कारखान्याच्या गेटवर खासा कुसुमताईंची स्वारी स्कुटीवरून दाखल जाहली. सुरक्षारक्षकाने नाव-गाव पुसले, त्यास त्यांनी अशी नजर दिली की तो बाजूस जाहला. मग गेटातूनच हाक गेली, "कुठाय तो समाधान? भायेर काढा त्याला!"

सारी फौज जमली. नवनाथ ट्रकवरून उतरले. इंदुताई आल्या. दादाही मागे येऊन उभे राहिले. समाधानराव साक्षीदार आला म्हणून हर्षभरित होऊन पुढे धावले आणि ताईंनी सर्वांदेखत आरोप फर्माविला तो ऐसा.

"शुक्रवारी सकाळी म्या मोटार लावून गच्चीवरली टाकी काठोकाठ भरून गेल्ते. यात्रा म्हनून पाव्हनं यायचं, म्हनून भरली. रातच्याला येऊन बघतीय तर टाकीत थेंब न्हाई! पाव्हन्यांनी हात कशानं धुवावं? पाची खोल्यांना इचारलं, समदी म्हनली आमी न्हाई. आन् काल ह्यो मुडदा सोता येऊन सांगतो की दिवसभर चाळीत मी एकलाच हुतो! अख्खी टाकी! एकल्यानं! रातीपातूर! काय आंगूळ घातलीस का म्हशींना?"

मग मंडळींच्या ध्यानात येऊ लागले. एक टाकी. पाच बिऱ्हाडांना दिवसभर पुरणारी. एक मनुष्य. इंदुताईंनी तोंडावर पदर धरला. नवनाथांच्या मुखातून "आयला, खरंच की" ऐसे उद्गार निघाले. जे भाषणाने जाहले नाही, सर्टिफिकेटने जाहले नाही आणि व्हॉइस नोटने तर उलटेच जाहले, ते कुसुमताईंच्या रागाने होऊ लागले. विजय गेटात येऊन उभा होता.

आणि समाधानराव काय करतात? त्यांच्यावर आरोप आला होता. आरोप आला की छातीत कळ येणार आणि कळ आली की जीभ सुटणार. ते उसळून म्हणाले, "काकू, म्या न्हाई! खोटं कामून बोलता? म्या अर्ध्या बादलीच्या वर पाणी वापरलंच न्हाई! इचारा कुणालाबी! म्या तर त्या दिवशी जास्त वेळ..."

हाय हाय! ज्या पुराव्यासाठी मोहीम मांडली, तो पुरावा दारी आला आणि हा मनुष्य तो आपल्याच हाताने बुडवू लागला. अर्ध्या बादलीत जर भागले, तर पोट कसले बिघडले? नवनाथांची भुवई पुन्हा वर गेली. आमचा तर जीव वरच्या वर राहिला. वाटले, धावत जावे आणि पॅकिंगची चिकटपट्टी याच्या तोंडास लावावी.

तेव्हां गर्दीच्या मागून दादांचा आवाज आला. फार मोठ्याने नव्हे.

"समाधान. गप."

समाधानरावांचे तोंड उघडे होते ते उघडेच राहिले. आता त्या मुखात जी लढाई जाहली, तिचे वर्णन करावे तितके थोडे. जिभेने दातांवर एल्गार केला आणि दातांनी तटबंदी धरली आणि मग जीभ गालाकडून फिरून आली आणि ओठांनी तो रस्ता बंद केला आणि मग कंठातून एक "पण" निघाला, तो अर्ध्यावर येऊन अडकला, त्यामुळे समाधानरावांचे डोळे पाणावले आणि कान लाल जाहले. पोटाच्या बंडाने जे हाल केले नव्हते ते या "पण"ने केले. शेवटी त्यांनी आवंढा गिळला. "पण" खाली गेला.

मग त्यांनी कुसुमताईंस हात जोडले आणि म्हणाले, "व्हय काकू."

एवढेच. तपशील दिला नाही, कारण सांगितले नाही. ताईंनी तेथल्या तेथे शिक्षा सुनावली की, यापुढे पावसाळा लागेपर्यंत रोज पहाटे उठून मोटार लावावी आणि टाकी भरावी. समाधानरावांनी मान लवविली. स्कुटी वळवताना ताई मात्र नरम आवाजात म्हणाल्या, "येवढं व्हत हुतं तर फोन नाय का करायचा? भाताची पेज धाडली असती कुनासंगं," आणि समाधानरावांस हेही उत्तर द्यावेसे वाटले आणि त्यांनी हेही गिळले.

नवनाथांनी ग्रुपवर माफीचा खलिता घातला, त्यात टाकीचे चित्र काढून खाली दोन हात जोडले. आम्हीही जोडले.

दुसरे दिवशी दुपारी समाधानराव आपल्या जागी एकटे बसले असता समोर डबा वाजला. दादा येऊन बसले. त्यांनी झाकण उघडून ठेचा समाधानरावांच्या भाकरीवर वाढला, नेहमीपेक्षा अंमळ जास्त, आणि दोघे जेवू लागले. मग दादांनी घास हातात तसाच ठेवून इकडे तिकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"समाधान, त्यो मारुतराव म्हनतो, मी नसलो की बैल पळत्यात. समदं गाव हसतंय. आरं पर साल झालं, पहाटं उठून त्यांला चालवतंय कोन? मीच ना? पेंड कोन घालतं? थंडीत त्यांच्या पाठीवर झूल कोन टाकतं? त्या दिशी ओंकारनं नुस्ता कासरा धरला. बैल म्या केलेत. हे बग, मोबाइलमधी फोटू हायत. ह्यो पहाटंचा. ह्यो बग, तारीख बग वर. तुला वाटंल मी आता बोलतोय म्हनून, पर तू ओंकारलाच इचार, न्हाईतर मी तुला त्या पेंडवाल्याचा नंबर देतो..."

ते बोलत राहिले आणि बोट फोटोंवरून फिरत राहिले आणि त्यांचे कान लाल होऊ लागले. समाधानरावांनी त्या कानांकडे पाहिले. ही कळ त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी दादांचा मोबाइल हळूच पालथा करून टेबलावर ठेवला.

"दादा, मला पटलं. जेवा."

दादांचे बोलणे मध्येच थांबले. त्यांनी एकवार समाधानरावांकडे पाहिले, खांदे सैल सोडले आणि हातातला घास मुखी घातला.

येणेप्रमाणे महाळुंगे मुक्कामी, जेवणाच्या सुट्टीत, बिनलढाईची फत्ते जाहली. शत्रू नव्हताच. तोफा उडाल्या नाहीत, भोंगा मात्र वेळेवर वाजला. एका माणसाने दुसऱ्याचे ऐकून घेतले आणि दाखला न मागता खरे मानले, याची नोंद पॅकिंग खात्याच्या हातची, कायमची समजावी.